तळ्याला प्लॅस्टिक दिले, अर्थिंग कोण देणार?



सिंदफणेचे पाणी माजलगावच्या धरणात अडले, ते कालव्याखालच्या रानासाठी. वरच्या माळावरच्या कापूस-ज्वारीवाल्याच्या वाट्याला आभाळच राहिले. म्हणून 'शेततळे करा' असे सांगत आम्ही या तालुक्यात बांधाबांधाने फिरलो. बोंडे भरताना कापसाला एक पाणी, पोटरीत असताना ज्वारीला एक पाणी मिळाले तर कोरडवाहूवाला तगतो, हे आमचे शेतकी शास्त्र. ते खोटे नव्हते. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, ५० हजारांपर्यंत अनुदान मिळाले. २०२२ पासून ती रक्कम ७५ हजारांपर्यंत गेली, अस्तराच्या प्लॅस्टिकलाही पैसे मिळू लागले. पाणी आहेच तर रोहू, कटला, मृगळ सोडा, घरात चार पैसे येतील, हेही आम्हीच सांगितले. तळ्यात मोटार पडणार हे सगळ्यांनाच माहीत होते. त्या मोटारीचा करंट पाण्यात उतरला तर काय, हे मात्र ना सरकारने विचारले ना आम्ही. आमच्या पदवीच्या चार वर्षांत अर्थिंग हा शब्द कानावरून गेला असेल तेवढाच. ही चूक आधी पदरात घेतो, मग दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

एका तळ्यावर शेतकऱ्याने आम्हाला सहज सांगितले, "मोटार चालू असली की पाण्यात हात घातल्यावर मुंग्या येतात. पण करंट काही नाही साहेब. मासे बघा की कसे ठणठणीत आहेत!" मासे खरोखरच ठणठणीत होते. मीटर लावला तर पाणी आणि काठावरची ओली माती यांच्यात शंभराच्या वर व्होल्ट. त्याची पोरे रोज सकाळी त्याच काठावर बसून माशांना खाद्य टाकत होती.

मासे जिवंत म्हणून पाणी बिनधोक, हा समज जीवघेणा आहे. त्यामागचे कारण नीट समजून घ्या. साध्या मातीच्या तळ्यात केबलचा जोड गळू लागला की करंट पाण्यातून जमिनीत वाहतो. मोटारीजवळचा मासा तडफडतो, बाकीचे दूरच्या कोपऱ्यात गोळा होतात. काहीतरी बिघडले हे निदान दिसते. प्लॅस्टिकच्या तळ्यात तसे होत नाही. प्लॅस्टिक पाण्याला जमिनीपासून तोडते, त्यामुळे करंटला वाट राहत नाही आणि सगळे पाणीच फेजसारखे भारून बसते. तारेवर बसलेल्या चिमणीला काही होत नाही, तसे आतल्या माशाला काही होत नाही. फ्यूजही उडत नाही, कारण करंट वाहतच नाही. तो वाट पाहत असतो. ओल्या काळ्या मातीवर उभे राहून तुम्ही पाण्यात हात घातला की तुमचे शरीरच त्याचे अर्थिंग होते. दहा मिलिअँपिअरला पकडलेली वस्तू हाताला सोडवत नाही. तीस-पन्नास मिलिअँपिअर छातीतून गेला तर काळीज बंद पडू शकते. तुमच्या पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीला लागतो त्याचा हा शंभरावा भागसुद्धा नाही. फ्यूज मोटारीच्या मापाचा आहे, माणसाच्या मापाचा नाही. त्यातही आपण तो काढून जाड तार गुंडाळलेली असते, ते वेगळेच.

आणि असे मरण कागदावर कसे लिहिले जाते? पाण्यात धक्का बसलेल्याच्या अंगावर बहुधा भाजल्याची खूणही नसते. हातपाय आखडतात, गुळगुळीत प्लॅस्टिकवर पकड मिळत नाही, माणूस खाली जातो. पंचनाम्यात येते : 'पाय घसरून बुडाला.' बुडाला म्हटले की विजेचा संबंध संपला. विद्युत अपघात असेल तर वीज देणाऱ्याने तो २४ तासांत कळवायचा असतो आणि २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १६१ खाली त्याची चौकशी होऊ शकते. बुडालेल्याची कसली चौकशी? अपघात अनुदानाचे दोन लाख बुडाला म्हटले तरी मिळतात, विजेने मेला म्हटले तरी मिळतात, म्हणून घरचेही वाद घालत नाहीत. मोटार मात्र तशीच पाण्यात राहते, दुसऱ्याची वाट पाहत.

कोणी म्हणेल, मीटरच्या पुढचे सगळे शेतकऱ्याचे, वीज कंपनी काय करणार? हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की वाटावे वीज कायद्याचे पहिले कलमच ते. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतला ३३ वा नियम काढून पाहा. ग्राहकाच्या जागेत, वीज सुरू होते तिथे, अर्थिंगला जोडलेले टर्मिनल वीज देणाऱ्याने द्यायचे आणि सांभाळायचे, असे तो म्हणत होता. ते नियम गेले, २०१० चे आले, २०२३ चे आले, पण ही जबाबदारी गेली नाही. तीन फेजच्या ग्राहकाने त्याशिवाय स्वतःचेही अर्थिंग करायचे, हे त्याच नियमात आहे. ते आमचे काम, ते आम्ही मान्य करतो. पण तुमचे टर्मिनल कुठे आहे? आम्ही जितके खांब पाहिले, तिथे लाकडी फळी, तीन तारा आणि लोंबकळणारी केबल दिसली. डीपीचे स्वतःचेच अर्थिंग तुटलेले, न्यूट्रल ढिला, आणि बोट शेतकऱ्याकडे.

सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली मध्य प्रदेश वीज मंडळ विरुद्ध शैल कुमारी या खटल्यात स्पष्ट सांगितले आहे. रस्त्यावर पडलेल्या तारेने एक सायकलस्वार मेला होता. कोणा तिऱ्हाइताने चोरून वीज घेतली, त्यात आमचा दोष काय, असे मंडळ म्हणाले. न्यायालयाने ते मानले नाही. असा धोक्याचा धंदा जो चालवतो, त्याने भरपाईची जबाबदारीही घ्यायची.

२०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे. ठीक आहे. पण बिल माफ झाले म्हणून सुरक्षेची जबाबदारीही माफ झाली, असे कोणी समजू नये. 'फुकट घेता आणि वर अर्थिंग मागता?' हे ऐकवणारे निघतीलच. त्यांना ३३ वा नियम दाखवा.

आता घरचे बोलू. न्यूट्रलची सोय नाही म्हणून एक तार जमिनीत खोचून अर्थिंगवर बल्ब पेटवणारे आपल्यात थोडे आहेत काय? तो परतीचा करंट त्याच मातीतून जातो, जिथे बैल बांधलेला असतो. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून त्याला माणसाच्या आधी लागते. पावसात खांबाजवळ बैल बुजतो तो खोडीने नाही. दुसरे, ऑटो स्टार्टर. लाईट गेली म्हणून जाळे सोडवायला गडी तळ्यात उतरतो, लाईट येते, मोटार आपोआप चालू होते. रात्रपाळीच्या विजेने ऑटो घरोघर नेले, त्यात शेतकऱ्याचा दोष कमी आहे. पण पाण्यात उतरण्याआधी मेन स्विच पाडून फ्यूज काढून खिशात टाकायला कोणाचे अनुदान लागत नाही.

सबमर्सिबलची चपटी केबल पाहा. तीन तारा आहेत, तिन्ही फेजच्या. मोटारीच्या अंगाला अर्थिंग देणारी चौथी तार नसते, ती वेगळी ओढावी लागते. प्लॅस्टिकच्या तळ्यात लोखंडी पट्टी सोडून तीही त्याच अर्थिंगला जोडा, म्हणजे गळका करंट माणसाची वाट पाहणार नाही. अर्थिंगचा अडीच मीटरचा पाइप नुसता ठोकून भागत नाही. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पाइप मोकळा पडतो. कागदावर अर्थिंग आहे, जमिनीत नाही. तिथे उन्हाळाभर पाणी घालत राहा. आणि अर्थिंग एकट्याने पुरत नाही : वीस ओहमच्या अर्थिंगमधून साडेअकरा अँपिअर जातात, त्याने पंधराचा फ्यूज उडत नाही. म्हणून तीस मिलिअँपिअरला तुटणारे ईएलसीबी हवेच. ते सारखे पडते म्हणून काढून टाकू नका. ते पडते कारण मोटार गळते आहे.

हे सगळे काही हजारांचे काम आहे. ७५ हजारांच्या अनुदानात खड्डा बसतो, प्लॅस्टिक बसते. अर्थिंग, चौथी तार आणि ईएलसीबी का बसत नाही? मोटार बसवलेल्या तळ्याचा शेवटचा हप्ता अर्थिंग मोजल्यावरच निघावा. तळ्यात मोटार असताना झालेल्या प्रत्येक बुडीत मृत्यूची खबर विद्युत निरीक्षकाला जावी. खांबावरचे टर्मिनल गावागावांत मोजून द्यावे. जिल्हा बैठकीत ठराव याच तीन गोष्टींचा मांडणार आहोत.

बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. तळी किती, प्लॅस्टिकची किती, मोटार किती हॉर्सपॉवरची, केबलला तारा तीन की चार, खांबावर टर्मिनल आहे की नाही. जिथे मुंग्या येतात त्या तळ्यावर लाल खूण करा. आणि तोवर तिथली मोटार बंद ठेवा, पोरांना काठावर पाठवू नका.