तालुक्याच्या गांवचा छापखाना

शाहूवाडीकडच्या घरांत लग्न ठरलें कीं पत्रिका छापण्यासाठीं कोल्हापूर गांठावें लागे, आणि कोल्हापूरला जाणें म्हणजे एक दिवस मोडणें. म्हणून तालुक्याच्या बाजारपेठेंत कोणी पायाचें ट्रेडल आणून बसविलें, तर तो गांवाच्या दृष्टीनें मोठाच उपकार असे. आजच्या मुलांना ट्रेडल म्हणजे काय तें सांगावें लागेल. शिवणयंत्राप्रमाणें पायानें चालवावयाचें हें लोखंडी यंत्र. उजव्या हातानें कोरा कागद आंत सरकवावयाचा, डाव्या हातानें छापलेला बाहेर घ्यावयाचा, आणि पाय क्षणभरही थांबूं द्यावयाचा नाहीं. सरावलेला माणूस तासास हजाराच्या आसपास छाप काढी. बोटें वेळेवर निघालीं नाहींत तर काय होई, हें जुन्या छापखानेवाल्यांच्या हाताकडे पाहून कळत असे.

छापखाना बहुधा घरांतच असे. ओटीवर यंत्र, भिंतीशीं टेकवून उभ्या केलेल्या लांकडी केसा, शाईचा व रॉकेलचा वास. माजघरांत घरच्या बायका फर्म्यांच्या घड्या घालीत, पावतीपुस्तकांना टांके मारीत. त्या कामाचा हिशेब कोणी ठेवीत नसे, हें ओघानेंच आलें. कामें काय, तर लग्नपत्रिका, मुंजीचीं निमंत्रणें, अडत्याचीं पावतीपुस्तकें, सोसायटीचे नमुने, यात्रेचीं हस्तपत्रकें, शाळेच्या प्रश्नपत्रिका. पावसाळ्यांत आमच्याकडे कागद ओल धरून फुगतो. मग एक रंग छापून झाल्यावर दुसरा रंग त्याच जागीं बसत नाहीं, शाई वाळत नाहीं, आणि मालक आभाळाकडे पाहत बसतो. लग्नसराईंत मात्र त्याला जेवावयास उसंत नसे.

यंत्र कोणीही चालवील. खरी विद्या जुळाऱ्याची. इंग्रजीचा जुळारी मोठीं व लहान लिपींतील अक्षरें, अंक आणि विरामचिन्हें मिळून दीडशेंच्या आंत खणांत आपलें काम उरकतो. आमच्या देवनागरीस कित्येक शें निरनिराळे खिळे लागतात. जोडाक्षरें निराळीं, अर्धीं अक्षरें निराळीं, उकार जोडलेलीं निराळीं. दुसरी वेलांटी, रफार आणि अनुस्वार हीं तिन्ही एकदम डोक्यावर घेतलेला खिळाही निराळा. तो महिन्यांतून एखादे वेळीं लागणार, परंतु लागेल तेव्हां तोच हवा. म्हणून मराठी जुळारी एका केसपुढें उभा न राहतां केसांच्या घेऱ्यांत उभा राहतो. अक्षरें उलटीं वाचीत, न पाहतां हात घालून, तो ओळ भरतो. शिरोरेघा एकमेकींस भिडल्या पाहिजेत, नाहींतर शब्द दांत पडल्यासारखा दिसतो. आपल्या माळ्यावर एखादी जुनी पोथी असेल तर ती काढून पाहावी. शिरोरेघेंत केसाएवढ्या फटी दिसतील. आणि पान उलटें करून त्यावर बोट फिरविलें, तर खिळ्यानें कागदांत केलेला दाब अजूनही हातास लागेल.

हा उद्योग आमच्या मुलखास अगदींच परका नव्हता. मिरजेस गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयानें १८०५ सालीं तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली. त्याच वर्षीं दूर बंगाल्यांत श्रीरामपुरास विल्यम केरीचें मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनीं छापून निघालें. कोरलेला पत्रा एकाच पानाच्या कामाचा. सुटा खिळा आज गीतेंत, उद्यां जाहिरातींत. पुढचा काळ कोणाचा, हें यांतच ठरलें होतें. मुंबईंत अमेरिकन मिशनच्या छापखान्यांतलें काम पाहून गणपत कृष्णाजींनीं स्वतःचा छापखाना उभारला व १८३१ मध्यें शिळाछापावर पंचांग काढलें. शाईंत चरबी असते या शंकेनें सोंवळीं माणसें छापील कागदास शिवत नसत, म्हणून त्यांनीं शाईंत तूप घातलें असें सांगतात. हंसूं येतें खरें. परंतु त्या तुपानेंच छापील अक्षर आमच्या देवघरापर्यंत पोहोंचलें.

याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास, कॅनडांत, असाच एक खटाटोप चालला होता. जेम्स एव्हान्स या पाद्र्यानें तेथील क्री लोकांच्या भाषेसाठीं एक नवी लिपि सिद्ध केली. १८४० सालीं तो नॉर्वे हाउस येथें गेला, तेव्हां जवळ ना यंत्र, ना खिळे. त्यानें चहाच्या पेट्यांच्या अस्तराचें शिसें वितळवून खिळे ओतले, काजळींत माशाचें तेल खलून शाई केली, भूर्जाची साल कागद म्हणून घेतली आणि केसाळ कातडीं दाबण्याच्या यंत्राखालीं स्तोत्रें छापलीं. येथें तूप, तेथें माशाचें तेल! स्वतःच्या अक्षरांत छापावयाचें असेल तर हाताशीं असेल त्या वस्तूवर भागवावें लागतें.

आमच्याकडे त्या अक्षरास रूप दिलें तें जावजी दादाजींच्या कारखान्यानें. १८३९ मध्यें जन्मलेला हा गरीब मुलगा दहाएक वर्षांचा असतां मिशनच्या छापखान्यांत महिना दोन रुपयांवर लागला. १८६४ सालीं त्यानें खिळे ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला व १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू यांच्यासारखा अक्षरें कोरणारा सोबतीस मिळाला, आणि निर्णयसागरचें वळण हेंच पुढें सुंदर देवनागरीचें माप होऊन बसलें. आपल्या आजोबांनीं ज्या अक्षरांत संस्कृत वाचलें, तीं बहुधा याच हातांनीं घडविलेलीं.

लहान छापखान्यास केवळ पत्रिकांचा धंदा म्हणून हिणविणारे लोक एक गोष्ट विसरतात. पानाच्या तळाशीं जें मुद्रकाचें नांव असे, तें शोभेसाठीं नव्हतें. ब्रिटिश हद्दींत १८६७ च्या कायद्यानें तें घालणें भाग होतें, आणि मजकूर सरकारास खुपला तर शिपाई त्याच नांवाचा शोध घेत येई. कोल्हापुरांतून निघणाऱ्या ‘विश्ववृत्त’ मासिकांत १९०८ सालीं पंडित सातवळेकरांचा वैदिक प्रार्थनांवरील लेख आला. त्यावरून प्रा. विजापूरकर व वामन मल्हार जोशी यांच्याबरोबर मासिकाच्या मुद्रकासही कारावास भोगावा लागला. त्या दोघांचीं नांवें वाङ्मयाच्या इतिहासांत आहेत. खिळे जुळवून घेणाऱ्याचें नांव कितीजणांस ठाऊक आहे?

असो. आतां ऑफसेट व संगणक आले आणि ट्रेडलें थांबलीं. याबद्दल अश्रु ढाळावे असें आम्हांस वाटत नाहीं. दिवसभर उभें राहून शिसें हाताळणें, तुटपुंज्या पगारावर डोळे घालविणें, यांत काव्य पाहणारा माणूस बहुधा जुळारी नसतो. पत्रिका आज अधिक स्वच्छ व स्वस्त निघते, मोबाइलवर तर फुकट जाते. परंतु जुनें जातांना त्याबरोबर काय काय जाऊं द्यावयाचें, हें पाहणें घरच्या माणसांच्या हातीं आहे.

कॅनडांतच याचें एक चांगलें उदाहरण घडलें. नोव्हा स्कोशिया प्रांतांत १९९७ मध्यें दोघां जणांनीं ‘गॅस्परो प्रेस’ काढला. पुस्तकें ते स्वतःच छापीत. आंतलीं पानें ऑफसेटवर, आणि वेष्टणें मात्र खिळ्यांच्या जुन्या यंत्रावर. २०१० सालीं त्यांनीं अवघ्या आठशें प्रती छापलेल्या एका कादंबरीस तेथील मोठें गिलर पारितोषिक मिळालें. देशभर मागणी उसळली, आणि यांचा वेग आठवड्यास हजार प्रतींचा! पुष्कळांनीं दोष दिला. त्यांनीं मोठें यंत्र घेतलें नाहीं. मोठी आवृत्ति एका मोठ्या प्रकाशकाकडे सोंपविली आणि आपलें काम आपल्या गतीनें चालूं ठेविलें. आम्हांस हा व्यवहारीपणाच वाटतो. मात्र त्यांची सोय आमच्यापाशीं नाहीं. रोमन खिळे अर्ध्या जगांत होते, कोठेंतरी सांपडतील. देवनागरीचे ओतणारे कारखाने एकामागून एक बंद पडले, तेव्हां वितळला तो संच पुन्हां मिळणें कठीण.

आणि वितळतात ते बहुधा वाटणीच्या वेळीं. आमच्या माहितींतील एका एकत्र कुटुंबांत वडील गेल्यावर तिघां भावांत छापखान्याची वाटणी निघाली. यंत्र एकास, जागा दुसऱ्यास, आणि खिळे तिघांत वजनानें, असें कोणीसें सुचविलें. थोरल्या वहिनींनीं कित्येक वर्षें त्याच केसांतून खिळे निवडले होते. त्या म्हणाल्या, “भावजी, तुमच्या वांट्यास ‘त’ येईल आणि यांच्या वांट्यास काना, मग ‘ताई’ तरी कोण लिहिणार?” सगळे हंसले. पुढच्या आठवड्यांत खिळे भंगारवाल्याच्या कांट्यावर गेले. शिसें, अँटिमनी व कथील यांचा तो रस. त्यास भाव चांगला येतो, हेंच तर दुर्दैव.

ज्यांच्या घरीं असा संच अजून पडून असेल त्यांना सांगावयाचें तें एवढेंच. विकावयाचा झाला तरी आधीं एखाद्या म्हाताऱ्या जुळाऱ्यास घरीं बोलवावें, चहा द्यावा, आणि कोणत्या खणांत कोणता खिळा याचा नकाशा त्याच्याकडून काढून घ्यावा. केसांवर बहुधा कांहींच लिहिलेलें नसतें. तें सारें त्याच्या हातांत असतें, आणि तो हात फार दिवस मिळणार नाहीं. नकाशावांचून खिळे म्हणजे नुसतें शिसें. मग प्रत्येक जातीचा एकेक खिळा ओळींत मांडून घट्ट बांधावा, हलकी शाई लावावी, वर पातळ कागद ठेवून चमच्याच्या पाठीनें सावकाश घासावें. यंत्रावांचूनही छाप उमटतो. असे दोन-तीन कागद काढून एक घरीं ठेवावा, एक जवळच्या ग्रंथालयास द्यावा. मुलांना हें पाहावयास जरूर बसवावें, पण खिळे खेळावयास देऊं नयेत. शिसें पोटांत जाणें वाईट. काम झाल्यावर सर्वांनीं हात साबणानें धुवावे, आणि ती ताटली पुन्हां स्वयंपाकघरांत घेऊं नये. चमचाही नको.