गालफडं मोजून दात बसत नाहीत

दंतवैद्यकातल्या काही भाकडकथा शंभरी उलटली तरी ठणठणीत आहेत. त्यातली ही माझी खास नावडती: चेहरा मोजा, आकडा सूत्रात घाला, दातांची कमान किती रुंद हवी ते हातात.

1909 साली पाँ नावाच्या फ्रेंच दंतवैद्याने सुरुवात केली दातांपासून. वरच्या चार पटाशीच्या दातांच्या रुंदीची बेरीज घ्या, 100 ने गुणा, 80 ने भागा, उपदाढांमधलं अंतर मिळालं. 64 ने भागा, दाढांमधलं. बेरीज 32 मिलिमीटर आली की 40 आणि 50. केवढी सोय! हे आकडे फ्रेंच माणसांचे आहेत, इतरांत तपासून घ्या, असं तो स्वतःच सुचवून गेला होता. ते कोण वाचतो? पुढे इझार नावाचा दंतवैद्य आला आणि त्याने कमानीची रुंदी गालांच्या हाडांमधल्या अंतराच्या निम्मी ठरवून टाकली.

आमच्याकडे एमडीएसला, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर पदवीला, प्रबंध लागतो आणि विषय सुचला नाही की हाच कामी येतो. बिचारा विद्यार्थी प्लास्टरच्या मॉडेलवर व्हर्नियर कॅलिपर टेकवतो, मग तोच कॅलिपर मित्रांच्या गालांना लावतो. सहसंबंध निघतो, समजा, 0.4. ‘पी’ची किंमत 0.05 च्या खाली, मार्गदर्शक खूश. अहो, 0.4 चा वर्ग 0.16! म्हणजे कमानींमधल्या फरकातला 84 टक्के भाग चेहऱ्याला ठाऊकच नाही. रुंद चेहऱ्यांच्या कमानी सरासरीने रुंद असतात, हे मला मान्य आहे. पण खुर्चीत सरासरी येऊन बसत नाही. बसते ती तोंडाने श्वास घेणारी, रुंद गालांची आणि अरुंद टाळूची मुलगी. दात कुठे टिकतील हे आतून जीभ आणि बाहेरून गाल-ओठ मिळून ठरवतात. गालाच्या हाडाला त्यात कोणी विचारत नाही.

प्रबंध कपाटात धूळ खात पडला असता तर माझी काही तक्रार नव्हती. पण हल्ली दवाखान्यातल्या पडद्यावर रुग्णाच्या फोटोवर सुवर्ण गुणोत्तराच्या रेघा उमटतात आणि ऐकवलं जातं, ‘तुमच्या चेहऱ्याला हे हसू लहान पडतंय, कमान रुंद करू.’ वाढत्या वयात, खरोखर अरुंद टाळू रुंद करणं हा उत्तम उपचार आहे. पण पंचविशीत टाळूची शिवण बहुधा घट्ट झालेली असते. टाळू रुंद करणाऱ्या यंत्राचा नुसता स्क्रू फिरवला तर हाड कमी उघडतं आणि दाढाच बाहेर कलतात, मग हिरडी मुळावरून उतरू लागते. खालच्या सुळ्यांमधलं अंतर ताणलं, तर ते बहुतेकदा परत आकसतं. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने रिटेनर काढल्यानंतर दहा-दहा वर्षांनी रुग्ण तपासून हे कधीच दाखवून दिलंय. तोवर पैसे मात्र पोचलेले असतात.

म्हणून कोणी तुमचा चेहरा मोजून कमान रुंद करू म्हणालं, तर आधी एवढंच विचारा: ‘माझ्या खालच्या सुळ्यांमधलं अंतर आज किती आहे, आणि उपचारानंतर किती असेल?’ उत्तर मिलिमीटरमध्ये आलं नाही, तर तारा बसवून घेऊ नका.