कवितेला परवाना लागत नाही : पॅलेस्टिनी हिप हॉप आणि दोन माहितीपट

१/ रॅपर एकच, शहर एकच. पण माहितीपट दोन, आणि त्यांतून दिसणारे इतिहासही दोन. पॅलेस्टिनी रॅपर तामेर नफार यांच्याभोवती फिरणारे २००३ आणि २००८ सालचे हे माहितीपट शेजारी ठेवून पाहिले, की ‘कलेतून प्रतिकार’ या गुळगुळीत झालेल्या शब्दप्रयोगाला नेमका अर्थ मिळतो. #थ्रेड

२/ आधी शहर. तेल अवीवजवळचे लोद, अरबीत अल-लिद. जुलै १९४८ मध्ये इस्रायली सैन्याने लिद आणि शेजारचे रामले घेतले व तेथील ५० ते ७० हजार पॅलेस्टिनींना हुसकावून लावले. थोडे मागे उरले. इस्रायलच्या हद्दीत राहिलेल्या अरबांना नागरिकत्व मिळाले खरे. पण १९६६ पर्यंत ते लष्करी प्रशासनाखाली होते. परगावी जायचे तर परवाना लागे.

३/ याच काळात गावोगावच्या मेळाव्यांत कविता म्हटल्या जाऊ लागल्या. कारण साधे होते : पाठ असलेली कविता नाक्यावर जप्त करता येत नाही. घस्सान कनफानी यांनी १९६६ साली या लेखनाचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि ‘प्रतिकाराचे साहित्य’ ही संज्ञा रूढ झाली. महमूद दरवीश, तौफीक झय्याद, समीह अल-कासिम हे त्या परंपरेचे कवी.

४/ हिप हॉप आले ते या पार्श्वभूमीवर. १९९०च्या दशकाच्या अखेरीस तामेर, त्यांचे बंधू सुहेल आणि महमूद जरेरी यांनी लोदमध्ये ‘दाम’ हा गट स्थापन केला. अरबीत या शब्दाला ‘टिकून राहणे’ असा अर्थ आहे, तर हिब्रूत ‘रक्त’. प्रेरणा अमेरिकी रॅपर टुपाक शकूर यांची. गरिबी, अमली पदार्थ, पोलिसांचा धाक : लोदच्या तरुणांना त्या गाण्यांत आपलीच वस्ती दिसली.

५/ ऑक्टोबर २००० मध्ये, दुसऱ्या इंतिफादाच्या आरंभी, इस्रायलमधील अरबांची निदर्शने दडपली जात असताना १३ जण मृत्युमुखी पडले. पुढच्या वर्षी ‘दाम’चे ‘मीन इर्हाबी’, म्हणजे ‘दहशतवादी कोण?’, हे गाणे इंटरनेटवरून सर्वदूर पोहोचले. कोणत्याही नाक्याने ते अडवले नाही.

६/ पहिला माहितीपट अनत हलाख्मी यांचा ‘चॅनल्स ऑफ रेज’ (२००३). तामेर आणि झायोनवादी रॅपर ‘सब्लिमिनल’ यांची मैत्री इंतिफादाच्या काळात कशी तुटत गेली, याचे हे चित्रण. ते प्रामाणिक आहे आणि अस्वस्थ करणारेही. पण चौकट मैत्रीची असली, की दोन्ही बाजू समान उंचीवर उभ्या असल्याचा भास होतो. १९४८ मागे सरकते. उरतो दोन तरुणांमधला दुरावा.

७/ दुसरा जॅकी रीम सल्लूम यांचा ‘स्लिंगशॉट हिप हॉप’ (२००८). येथे तामेर एकटे नाहीत. लोद, अक्का, गाझा आणि पश्चिम किनारा अशा चार ठिकाणी कॅमेरा फिरतो. गाझातील ‘पीआर’ हा गट आणि लोदमधील ‘दाम’ यांच्यातील अंतर शंभर किलोमीटरही नाही. एकमेकांची गाणी त्यांना ऐकता येतात. एका मंचावर उभे राहणे मात्र परवान्यांच्या हाती.

८/ या माहितीपटाचे खरे मोल येथे आहे. एकाच समाजाचे ‘इस्रायली अरब’, ‘पश्चिम किनाऱ्याचे रहिवासी’ आणि ‘गाझावासी’ असे तुकडे पडले, प्रत्येकाचे ओळखपत्र वेगळे झाले. रॅपने हे तुकडे एका भाषेत, एका तालात पुन्हा जोडले. प्रतिकार शोधायचा तो या जोडण्यात. संतप्त शब्द तर जगभरच्या रॅपमध्ये सापडतात.

९/ म्हणून त्याचे गोडवेच गावेत असे नाही. अक्काच्या ‘अराबियात’ या स्त्री-गटाला आणि लोदच्या अबीर यांना नाक्याखेरीज घराचाही उंबरठा ओलांडावा लागला. अबीर यांना नातेवाइकांचा विरोध झाला. माहितीपट हे लपवत नाही, हे त्याचे श्रेय.

१०/ २०१२ मध्ये ‘दाम’ने कुटुंबाकडून होणाऱ्या स्त्रियांच्या हत्येवर गाणे केले, तेव्हा लीला अबू-लुघोद आणि माया मिकदाशी यांनी टीका केली : गाणे या हिंसेला राजकीय संदर्भापासून तोडते. ‘दाम’ने उत्तर दिले. अभ्यासकांची शंका रास्त होती. परंतु दमनाखालील समाजाने आपले दोष मुक्तीनंतरच मोजावेत, ही अपेक्षा मान्य करता येत नाही. ती केली, तर त्या मुलींनी किती काळ थांबायचे?

११/ सप्टेंबर २०१६. इस्रायलच्या ओफिर चित्रपट पुरस्कार सोहळ्यात तामेर यांच्या सादरीकरणात दरवीश यांची ‘ओळखपत्र’ ही कविता आली आणि सांस्कृतिक मंत्री मिरी रेगेव्ह सभागृहाबाहेर निघून गेल्या. लष्करी प्रशासनाच्या काळात लिहिलेली कविता अर्धशतकानंतर रॅपरच्या मंचावरूनही सत्तेला ऐकवली नाही. परंपरेचे सातत्य याहून स्पष्ट कसे दिसावे?

१२/ इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी दोन्ही माहितीपट पाहावेत, आणि याच क्रमाने. गाणे हे साधन आहेच. माहितीपटही साधनच आहे, आणि प्रत्येक साधनाला विचारायचा प्रश्न त्यालाही लागू होतो : कॅमेरा कोठे उभा आहे, आणि त्याच्या पाठीमागे काय राहिले आहे?