भाव धरावा, भावही विचारावा

देवाच्या दारी भाव धरावा, भाव विचारू नये, अशी समजूत आपल्या भाविक घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. हारवाला मागेल ते द्यावे, पेढेवाला तोलेल ते घ्यावे, घासाघीस करून पुण्यात उणेपणा आणू नये. प्रस्तुत लेखकही कीर्तनातून हेच सांगत असे.

काही वर्षांपूर्वी शिर्डीच्या दसरा-पुण्यतिथी उत्सवात हे माझे ज्ञान उघडे पडले. यात्रेकरूंना गाठून ठरावीक दुकानी नेणाऱ्यांना येथे ‘पॉलिशवाले’ म्हणतात. अशाच एकाने एका वृद्ध दांपत्यास दुकानात नेले. हार, नारळ, पेढे यांचे ताट हाती दिल्यावर किंमत सांगण्यात आली. म्हाताऱ्याने निमूटपणे परतीच्या भाड्याच्या नोटा काढल्या. मी सांत्वन केले, “बाबांच्या पायी गेले असे समजा.” ती माउली म्हणाली, “बुवा, बाबांना वाहिलं असतं तर वाईट वाटलं नसतं.” यावर मजपाशी उत्तर नव्हते.

शास्त्र तरी मौन शिकविते काय? तराजू व मापे राजाने दर सहा महिन्यांनी तपासावीत, अशी मनुस्मृतीची आज्ञा आहे. कौटिल्याने खोट्या मापाचा दंड ‘कण्टकशोधन’ या अधिकरणात सांगितला. म्हणजे असा व्यवहार हा समाजाच्या पायातील काटाच. तो काढण्याचे काम तेव्हा राजाचे होते, लोकशाहीत ते आपलेही आहे.

महाराष्ट्राने हे लवकर ओळखले. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली. लोकांनी त्यांना ‘ग्राहकतीर्थ’ म्हटले. पाठोपाठ १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत निघाली. शेजारच्या कुटुंबांनी एकत्र येऊन घाऊक माल आणावा व आपसांत वाटून घ्यावा, अशी तिची रीत. तिचा भार गृहिणींनीच वाहिला. ग्राहक संरक्षण कायदा आला १९८६ साली. आधी लोक जागे झाले, मग कायदा झाला.

यात्रेकरू एकदा एसटीत बसला की परत येत नाही, हाच लुबाडणाऱ्याचा भरवसा. परंतु २०१९ च्या कायद्यान्वये आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही, वकिलाची सक्ती नाही. १९१५ या क्रमांकावर दूरध्वनी करूनही गाऱ्हाणे मांडता येते.

मात्र पावतीवाचून तक्रार लंगडी पडते. म्हणून पावती मागावी. वेष्टनावर छापलेल्या किमतीहून पैसाही अधिक देऊ नये. हारफुलांवर किंमत छापलेली नसते, म्हणून ताट हाती घेण्यापूर्वीच दर विचारावा. पेढे खोक्यावाचून तोलून घ्यावेत. पालख्यांनी व भजनी मंडळांनी निघण्यापूर्वी एवढे सर्वांना सांगावे. शिर्डीच्या सचोटीच्या दुकानदारांनी दरफलक ठळक लावावेत. चार लबाडांपायी त्यांच्याही नावाला बट्टा लागतो. आम्ही कीर्तनकारांनी पूर्वरंगातील दोन क्षण यासाठी द्यावेत. मी ते देऊ लागलो आहे.

भाविकहो, दसरा हा सीमोल्लंघनाचा दिवस. यंदा आपल्या मौनाची सीमा ओलांडू या. भगवंतापुढे हात जोडावेत. तराजूपुढे डोळे उघडे ठेवावेत.