बॅटरीचं वय कोण ठरवतं?

एक साधा प्रश्न. इन्व्हर्टरची बॅटरी किती वर्षं टिकते? दुकानदाराला विचारा, तो वॉरंटी कार्ड पुढे करेल. मेंटेनन्सच्या काकांना विचारा, ते म्हणतील, "हल्लीच्या मालात काही दम नाही बघा." इलेक्ट्रिकलच्या टॉपरला विचारा, उत्तर येईल, "सायकल्सवर डिपेंड करतं." टॉपरचं बरोबर आहे, पण अर्धंच. सायकल किती खोल जाते आणि दोन सायकल्सच्या मधे बॅटरीकडे कोण बघतं, हे टेक्स्टबुकात नसतं. ते हॉस्टेलमध्ये ठरतं.

मी फर्स्ट इयरला आले तेव्हा आपल्या रीडिंग हॉलची बॅटरी नवी कोरी होती. आता मी थर्ड इयरला आहे आणि ती अर्ध्या तासात मान टाकते. सबमिशनच्या आदल्या रात्री लाइट गेली की काय होतं ते वेगळं सांगायला नको! आता म्हणे नवीन घेणार. घ्या, पण आधी जुनी का गेली ते तरी बघूया.

गाडीची बॅटरी आणि इन्व्हर्टरची बॅटरी दोन्ही लेड-ॲसिडच. पण गाडीच्या बॅटरीचं काम इंजिन सुरू करायचं, काही सेकंदांत भरपूर करंट देऊन मोकळं व्हायचं. तिच्या प्लेट्स पातळ असतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीला तासन् तास थोडा थोडा करंट द्यायचा असतो, म्हणून प्लेट्स जाड किंवा ट्युब्युलर. हिलाच डीप सायकल म्हणतात. पण नावात 'डीप' आहे म्हणून रोज तळ गाठायचा असं नाही! रोज ८० टक्के रिकामी करण्याऐवजी ५० टक्क्यांवर थांबलं, तर एकूण सायकल्स साधारण दीडपट मिळतात.

आता आपल्या हॉलचा हिशोब मांडू. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर म्हणजे १८०० वॅट-अवर. चार पंखे ७५ वॅटचे, चार ट्यूब २० वॅटच्या, एकूण ३८० वॅट. इन्व्हर्टरचा लॉस धरून ४५० च्या आसपास. दोन तास लाइट गेली तर बॅटरी बरोबर अर्धी होते. छान! पण त्यात सहा लॅपटॉपचे चार्जर लावा, ६५ वॅटचे. लोड थेट दुप्पट, ९०० वॅट. बॅटरीतून निघणारा करंट ७५ अँपिअर. आणि ते १५० अँपिअर-अवर कंपनी कशावर मोजते? २० तासांच्या डिस्चार्जवर, म्हणजे ७.५ अँपिअरवर! आपण दहापट ओढतो. इतक्या वेगाने ओढलं की बॅटरी लिहिलेली कपॅसिटीसुद्धा देत नाही. प्युकर्टने हे १८९७ मध्येच दाखवलंय. म्हणजे दोन तास तर सोडाच, त्याआधीच अंधार.

यापेक्षा मोठा खून मात्र सुट्टीत होतो. अमेरिकेत लोक आरव्ही घेऊन फिरतात, म्हणजे चाकांवरचं घर. त्यातले दिवे, पंखे, पाण्याचा पंप अशाच डीप सायकल बॅटरीवर चालतात. तिथेही कोणाची बॅटरी दोन वर्षांत जाते, तर कोणाची सहा वर्षं चालते. फरक बराचसा हिवाळ्यात पडतो. गाडी महिनोन् महिने उभी असते, गॅस गळतीचा अलार्म वगैरे बारीकसारीक वस्तू करंट खात राहतात आणि बॅटरी हळूहळू रिकामी होते. रिकाम्या बॅटरीत लेड सल्फेटचे स्फटिक घट्ट होत जातात. मग चार्जिंग केलं तरी ते पूर्ण विरघळत नाहीत. याला सल्फेशन म्हणतात. तिथल्या थंडीत डिस्चार्ज झालेली बॅटरी गोठून फुटूही शकते.

आपल्याकडे बर्फ नाही, पण मे महिना आहे! हॉस्टेल रिकामं होतं, जाताना वॉचमन मेन स्विच बंद करतो. इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली. तो बिचारा बॅटरीवर चालू होतो, ती संपवतो आणि गप्प बसतो. पुढे दीड महिना रिकामी बॅटरी जिन्याखालच्या बंद खोलीत, भर उन्हाळ्यात. त्यात तापमान २५ अंशांच्या वर दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. जूनमध्ये आपण येतो आणि कंपनीला शिव्या घालतो.

काही जण म्हणतात, लिथियम आणा, कटकटच नको. पाणी घालायला लागत नाही, सायकल्स जास्त, हे खरं. पण पहिला खर्च मोठा, चार्जरही त्याला चालणारा हवा. आणि ज्या हॉस्टेलला महिन्यातून एकदा पाण्याची लेव्हल बघणं जमत नाही, त्याने महागडी वस्तू आणून काय साधणार?

माझ्या मते तीन गोष्टी पुरेत. एक, सुट्टीत इन्व्हर्टरची लाइन चालू ठेवा, किंवा बॅटरी फुल चार्ज करून इन्व्हर्टरपासून सोडवून ठेवा आणि अधूनमधून चार्ज करा. दोन, खोलीच्या दारावर एक रजिस्टर लटकवा. दर महिन्याला डिस्टिल्ड वॉटरची लेव्हल आणि हायड्रोमीटरचं रीडिंग लिहायचं, खाली सही. नळाचं पाणी आणि ॲसिड दोन्ही घालायचं नाही. खोलीला खिडकी हवी, कारण चार्जिंगला हायड्रोजन निघतो. लॅबमध्ये रीडिंग कॉपी करणाऱ्यांना इथे खरं रीडिंग घेण्याची संधी! तीन, हॉलमधले लॅपटॉपचे सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवरून काढा. यावर माझ्याच विंगमधल्या मुली भांडायला येणार, माहितीये. पण सहा जणींचे लॅपटॉप चालावेत म्हणून चाळीस जणींनी अंधारात बसायचं, हे मला पटत नाही.

पैसे आपल्याच फीमधून जातात, हा एक मुद्दा. दुसरा त्याहून मोठा. बॅटरीच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसं असतं. जुनी बॅटरी कुठल्यातरी गल्लीत फोडली गेली, तर ते शिसं तिथल्या पोरांच्या रक्तात जातं. ती डीलरने परत घ्यायची, हा नियम २००१ मध्ये आला आणि २०२२ च्या नव्या नियमांत जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी मुख्यतः उत्पादकांवर टाकली आहे. म्हणून रेक्टर मॅडमना विनंती, जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता डीलरलाच द्या आणि पावती नोटीस बोर्डवर लावा.

नवीन बॅटरी येईल तेव्हा हार-नारळ जरूर होऊ दे. पण त्याच दिवशी रजिस्टरही लटकू दे. पहिल्या महिन्याचं रीडिंग घ्यायला मी तयार आहे. दुसऱ्या महिन्याचं कोण घेतंय?