सूर्याच्या वादळांवर जमिनीवरून पहारा

१३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांतात सुमारे ६० लाख लोकांची वीज गेली. ती परत यायला नऊ तास लागले. सूर्यावरून आलेल्या विद्युतभारित कणांच्या लोटाने पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र हादरले आणि लांबलचक तारांत नको तो प्रवाह प्रवर्तित झाला.

असे लोट येण्याची वर्दी कोण देणार, असे विचारले की वर्गातून एकच उत्तर येते, "उपग्रह!" ते चूक नाही, अपुरे आहे. जरा गणित करा. आपले आदित्य-एल१ यान पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर आहे. सेकंदाला ५०० किलोमीटर वेगाचा लोट यानापाशी पोहोचला, की पुढे पृथ्वी गाठायला त्याला ३,००० सेकंद पुरतात, म्हणजे अवघी ५० मिनिटे! सूर्यापासूनच्या १५ कोटी किलोमीटरला मात्र साडेतीन दिवस लागतात. त्या वाटेवरच त्याला गाठायला हवे.

येथे रेडिओ दुर्बीण कामी येते. हवेच्या हलत्या थरांमुळे तारे लुकलुकतात ना? तसेच क्वेसारसारखे दूरचे, बिंदुवत रेडिओ स्रोत सौरवाताच्या दाट-विरळपणामुळे लुकलुकतात. लोट आडवा आला की लुकलुक वाढते. तिच्या नोंदींवरून वेगही काढता येतो. अँटनी ह्यूइश आणि सहकाऱ्यांनी १९६४ साली ही लुकलुक जगापुढे मांडली. (तिच्याच अभ्यासासाठी केंब्रिजला उभारलेल्या अँटेनांवर १९६७ मध्ये जोसेलिन बेल यांना पहिला पल्सार सापडला, हे ओघाने सांगतो.)

आपल्याकडे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उटीजवळ उभारलेली ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद दुर्बीण १९७० पासून आहे. तिच्यासाठी मुद्दाम तेथील अक्षांशाइतका, सुमारे ११ अंशांचा डोंगरउतार निवडला. त्यामुळे तिचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला आणि एकाच अक्षाभोवती फिरवून स्रोताचा तासन् तास मागोवा घेता येतो. किती सोपी युक्ती!

माझे म्हणणे असे, की मोठ्या रेडिओ दुर्बिणींचा काही वेळ रोज या कामासाठी राखून ठेवावा. दूरच्या दीर्घिकांपुढे हे काम कारकुनी वाटते, हे मला ठाऊक आहे. पण दीर्घिका उद्याही तेथेच असेल; आजचा लोट उद्या सापडणार नाही. शिवाय एका दुर्बिणीने भागत नाही, कारण पृथ्वी फिरते आणि स्रोत मावळतात. जपानात नागोया विद्यापीठ आणि मेक्सिकोत मेक्सार्ट हेच निरीक्षण करतात. उटीचे स्रोत मावळल्यावर मेक्सिकोने पहारा पुढे चालवायचा, अशी रोजची वाटणी हवी.