मण्यार, लाल विंचू आणि बाटलीतली अँटीबॉडी : प्रश्न आपल्या तालुक्याचा आहे

जुन्नर-आंबेगावात बिबट्या दिसला की अर्ध्या तासात व्हिडिओ फिरतो. पिंजरा लागतो, रास्ता रोको होतो, आमदार-खासदार येतात. ते व्हायलाच पाहिजे. पण साप चावून माणूस गेला की पेपरात चार ओळींची बातमी येते. गाव, वय, ‘उपचारापूर्वी मृत्यू’, संपलं. अशा चार ओळी मी गेली कित्येक वर्षं लिहितोय. म्हणून आज जरा लांबलचक लिहितो. विषय शास्त्राचा आहे, पण शेवटी आपल्या अंथरुणापर्यंत येणारा आहे. वाचाच.

आपल्या शरीरातल्या पेशींना बारीक दारं असतात. काही दारांतून फक्त पोटॅशियम बाहेर जातं. त्यांना म्हणतात पोटॅशियम चॅनेल. मज्जातंतूतून एक संदेश गेला की पुढच्या संदेशासाठी तो पुन्हा तयार व्हायला लागतो. ते काम ही दारं करतात. माणसाच्या शरीरात अशा चॅनेलची सत्तरहून जास्त जनुकं आहेत, आणि बरीचशी एकमेकांसारखी दिसतात.

आता यात आपला काय संबंध? मण्यारीच्या कुळातल्या सापांच्या विषात बीटा-बंगारोटॉक्सिन नावाचा प्रकार असतो. त्याचे दोन भाग. एक भाग मज्जातंतूच्या टोकाशी असलेलं पोटॅशियमचं दार धरून बसतो, दुसरा तिथली भिंत पोखरतो. मग डोळ्यांच्या पापण्या पडतात, गिळता येत नाही, श्वास थांबत जातो. आणि आपल्याकडच्या लाल विंचवाच्या विषात आयबेरियोटॉक्सिन आहे. अवघ्या ३७ अमिनो आम्लांचा हा तुकडा शास्त्रज्ञांनी १९९० मध्ये वेगळा केला. तो एकाच जातीचं पोटॅशियम चॅनेल नेमकं बंद करतो, म्हणून आज जगभरच्या प्रयोगशाळा ते चॅनेल ओळखायला तो वापरतात. (विंचवाने माणूस गंभीर होतो ते मुख्यतः विषातल्या सोडियम चॅनेलवर काम करणाऱ्या घटकांमुळे, हेही सांगून ठेवतो.) म्हणजे ज्याला आपण चपलेने ठेचतो, त्याचं विष बाहेर संशोधनाचं हत्यार झालंय.

चॅनेल शोधायचा दुसरा मार्ग म्हणजे अँटीबॉडी, प्रतिद्रव्य. चॅनेलच्या प्रथिनाचा तुकडा सशाला टोचायचा, त्याच्या रक्तात तयार झालेली अँटीबॉडी काढायची आणि नमुन्यावर सोडायची. ती ज्याला चिकटली ते आपलं चॅनेल. ऐकायला सोपं आहे. पण चिकटली ती खरोखर त्यालाच का, शेजारच्या सारख्या दिसणाऱ्याला तर नाही? म्हणून चांगली प्रयोगशाळा आधी ते चॅनेल मुद्दाम काढून टाकलेला नमुना घेते. तिथेही अँटीबॉडी चिकटली, तर ती बाटली बाद. २०१५ मध्ये शंभरावर शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये एकत्र सह्या करून सांगितलं होतं की बाजारातल्या अँटीबॉडीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, त्यांना नीट मापदंड लावा.

हाच प्रश्न मला आपल्या दवाखान्यातल्या बाटलीला विचारायचाय. कारण सर्पदंशावर जी लस म्हणतो, ती लस नव्हेच. तीही अँटीबॉडीच. घोड्याला थोडं थोडं विष टोचतात, त्याच्या रक्तातली अँटीबॉडी शुद्ध करतात, पावडर करून बाटलीत भरतात. आणि अभिमानाची गोष्ट अशी, की हे काम आपल्या नारायणगावात होतं. प्रीमियम सीरम्स अँड व्हॅक्सिन्स ही कंपनी इथलीच. आफ्रिकेतल्या सापांवरचं औषधसुद्धा ती बनवते. खोडदच्या दुर्बिणीचं कौतुक आपण पाहुण्यांना सांगतो, हेही सांगायला हवं.

पण देशात कुठलीही कंपनी असो, घोड्याला टोचायचं विष मुख्यतः एकाच ठिकाणाहून येतं : चेन्नईजवळची इरुला सर्पमित्रांची सहकारी संस्था. संस्था १९७८ पासूनची, काम मोलाचं. अडचण वेगळीच आहे. सापाचं विष मुलखागणिक बदलतं. तमिळनाडूची घोणस आणि आपली घोणस दिसायला एक, विषाचं मिश्रण वेगळं असू शकतं. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी हे दाखवून दिलंय. अँटीबॉडी चिकटते ती जिच्यासाठी बनली त्यालाच. विष जेवढं वेगळं, तेवढी पकड ढिली. मग बाटल्या जास्त लागतात आणि वेळ जातो. शिवाय विषातले लहान घटक घोड्याच्या शरीराला नीट ‘ओळखू’च येत नाहीत, त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी कमी बनते.

आणि मण्यारीच्या बाबतीत वेळ म्हणजेच सगळं. रात्री जमिनीवर झोपलेल्याला ती चावते, वेदना जवळपास नसते, खूण सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं, लोक अजीर्ण समजतात, कुणी भगताकडे नेतं. एकदा मज्जातंतूचं टोक पोखरलं गेलं की कितीही बाटल्या चढवा, ते लगेच भरून येत नाही. तेव्हा माणूस जगतो तो व्हेंटिलेटरवर. आहुप्याच्या माणसाला घोडेगाव, मंचर गाठेपर्यंत काय होत असेल, विचार करा.

कुणी म्हणेल, एवढे लोक कुठे मरतात? २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने अंदाजे १२ लाख माणसं गेली. वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यातली.

होऊ शकतं, हे आपल्याच भागाने दाखवलंय. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत सर्पदंशाने एकही मृत्यू होऊ नये म्हणून वर्षानुवर्षं झटताहेत. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनची साधी गोळी वापरून माणसं वाचवली. पुढे २०११ मध्ये त्यांनीच दाखवलं की प्राझोसिनसोबत विंचवाची अँटीबॉडी दिली तर रुग्ण लवकर सावरतो. लहान गावात बसून केलेलं काम आहे हे.

केंद्राने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय आराखडा काढला : २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर. छान. मग आमच्या मागण्या ऐका.

एक, महाराष्ट्रातल्या सापांचं विष महाराष्ट्रात, कायदेशीर देखरेखीखाली गोळा करा, आणि बाटली या विषावर किती चालते ते तपासून निकाल जाहीर करा. बनवणारे हात नारायणगावात आहेतच.

दोन, दोन्ही तालुक्यांतल्या प्रत्येक आरोग्य केंद्राने आज किती बाटल्या शिल्लक, प्राझोसिन आहे की नाही, हे दर्शनी फलकावर लिहावं.

तीन, पश्चिम पट्ट्यातून येणाऱ्या अँब्युलन्समध्ये श्वास देणारी पिशवी आणि ती वापरता येणारा माणूस असावा.

आणि आपण? पावसाळ्यात खाटेवर झोपा, मच्छरदाणी लावून चारी बाजूंनी खोचा. चावा कळला नाही तरी पहाटे पापण्या जड झाल्या तर वाट बघू नका, थेट दवाखाना गाठा.

पुढच्या ग्रामसभेत दुसरी मागणी नुसती मोठ्याने वाचून दाखवा. फलक लावायला निधी लागत नाही. न लावण्याचं कारण काय देतात, ते मला कळवा. तेही छापू.